अर्धी उरलेली पिशवी

पाळलेला कुत्रा किंवा मांजर गेल्यानंतर घरातल्यांना एक साधाच, पण विचारायला संकोच वाटणारा प्रश्न पडतो: खाद्याची जी पिशवी अर्धी उरली आहे, तिचे काय करायचे? ती डोळ्यांसमोर ठेववत नाही आणि अन्न असल्यामुळे कचऱ्यात टाकवतही नाही, तेव्हा बहुतेक घरांत तिचा निकाल एकाच वाक्यात लागतो: ‘खालच्या कुत्र्यांना घालून टाका.’ हा निर्णय पुष्कळदा बरोबर असतो, काही वेळा निष्फळ ठरतो आणि क्वचित घातकही ठरतो. यांपैकी काय होणार, हे तीन गोष्टींवर ठरते: पिशवी केव्हा उघडली, प्राणी कशाने गेला आणि शेवटच्या काळात त्याला जे दिले जात होते ते अन्न होते की अन्नाच्या रूपातला उपचार होता. या तीन गोष्टी समजण्यासाठी आधी पिशवीत नेमके काय असते ते पाहावे लागेल.

१. दाणा कसा बनतो

महाराष्ट्रात कोणत्याही कंपनीच्या कोरड्या खाद्याला सर्रास ‘पेडिग्री’ म्हटले जाते. या प्रकरणात त्याला नुसते ‘दाणे’ म्हटले आहे. तयार खाद्याची सुरुवात १८६० च्या सुमारास लंडनमध्ये झाली. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने धान्य, भाज्या आणि मांसाचा अंश घातलेली कुत्र्यांची बिस्किटे तिथे विकायला काढली. आजचा फुगीर, सच्छिद्र दाणा मात्र १९५७ पासूनचा आहे. मका किंवा तांदळाचे पीठ, मांसाची भुकटी, जीवनसत्त्वे आणि पाणी यांचा गोळा वाफेच्या उष्णतेत व मोठ्या दाबाखाली एका नळीतून पुढे ढकलला जातो, आणि तो साच्याच्या छिद्रातून बाहेर येताच दाब एकदम उतरल्यामुळे आतले पाणी वाफ होऊन उडते व दाणा फुलतो. कुरकुऱ्यासारखा खाऊ याच पद्धतीने बनतो.

यानंतरची पायरी आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाची आहे. फुललेला दाणा वाळवून त्याच्यावर वितळलेली चरबी फवारतात, कारण कुत्र्याला दाण्याकडे ओढून आणतो तो या चरबीचा वास. चिवड्यात पोहे कोरडे भाजलेले असतात आणि फोडणीचे तेल त्यांना बाहेरून लागलेले असते, तसाच हा प्रकार आहे. चिवडा ज्या दोन रीतींनी बिघडतो, त्याच दोन रीतींनी दाणेही बिघडतात: तो सादळतो, किंवा खवट होतो. मराठीत या दोन दोषांना वेगळे शब्द आहेत हे सोयीचे आहे, कारण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि परिणामही वेगळे आहेत.

२. सादळणे आणि खवटणे

कोरड्या दाण्यात पाण्याचे प्रमाण साधारण दहा टक्के किंवा त्याहून कमी असते, तर डब्यातल्या किंवा पाऊचमधल्या ओल्या खाद्यात ते पंचाहत्तर ते ऐंशी टक्के असते. तरीही पदार्थ टिकेल की नाही हे एकूण पाण्यावर ठरत नाही. त्यातले किती पाणी ‘मोकळे’ आहे, म्हणजे जंतूंना वापरता येण्याजोगे आहे, त्यावर ठरते. लोणच्याच्या खारात पाणी पुष्कळ असते, पण मिठाने ते धरून ठेवलेले असल्याने बुरशीच्या वाट्याला येत नाही. शास्त्रज्ञ हे मोकळेपण शून्य ते एक अशा मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचे मूल्य एक धरले, तर साधारण ०.६ च्या खाली कोणतीही बुरशी वाढू शकत नाही. कारखान्यातून निघालेला दाणा या सीमेच्या आसपास किंवा तिच्या खाली असतो, पण जुलै महिन्यात कोकणात किंवा मुंबईत पिशवीचे तोंड नुसते दुमडून ठेवले, तर तो हवेतली ओल शोषून ही सीमा ओलांडतो.

याची घरगुती परीक्षा सोपी आहे. एक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या नखांत धरून दाबावा. चांगला दाणा कट्‌कन फुटतो आणि त्याचा भुगा बोटांना कोरडा लागतो, तर सादळलेला दाणा आधी दबतो, मग चामट बिस्किटासारखा तुटतो. मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरून उन्हात नीट पाहिले, तर राखाडी-हिरवट बुरशी किंवा दाणे एकमेकांना धरून ठेवणारे कोळिष्टकासारखे धागे दिसतात. यातले काहीही दिसले, तर ती पिशवी कोणत्याही प्राण्याला घालायची नाही, ‘वरचे काढून खालचे’ सुद्धा नाही.

इतका कडकपणा कशासाठी, याचे उत्तर बुरशीच्या विषात आहे. मका आणि शेंगदाणा यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, ते यकृतावर आघात करते आणि शिजवल्याने किंवा उन्हात वाळवल्याने जात नाही. बुरशी मेली तरी विष दाण्यात राहतेच. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाल्ल्यामुळे काविळीची साथ आली, शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि त्याच मक्यावर जगणारे गावातले कुत्रेही त्याच दुखण्याने पडले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत याच विषामुळे कुत्र्यांचे तयार खाद्य बाजारातून परत मागवावे लागले. तेव्हा ‘रस्त्यावरच्या कुत्र्यांना काही होत नाही, ते काहीही पचवतात’ ही समजूत सोडून दिलेली बरी. त्यांना जे होते ते कोणी पाहायला जात नाही, एवढेच.

खवटणे हा दुसरा दोष हळू येतो. दाण्यावरच्या चरबीचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तिचे तुकडे पडतात आणि जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्याचा वाटावा असा वास येऊ लागतो. ही क्रिया लांबवण्यासाठी कंपन्या ई जीवनसत्त्वासारखे पदार्थ घालतात, पण पिशवी उघडली की ते हळूहळू खर्ची पडतात. म्हणून ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ ही छापील तारीख फक्त बंद पिशवीला लागू असते. उघडलेल्या पिशवीचे घड्याळ वेगळे असून त्याची मुदत साधारण चार ते सहा आठवड्यांची असते. ओल्या खाद्याचा उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवला तरी दोन-तीन दिवसांत संपवलेला बरा.

शोक आणि हे घड्याळ यांचा मेळ बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. पिशवीला हात लावायला महिनाभर लागला तर त्यात गैर काही नाही, मात्र तोवर तिची उपयोगी पडण्याची मुदत संपलेली असते. ज्यांना लगेच निर्णय घेववत नाही त्यांनी एवढेच करावे: हवा काढून पिशवीचे तोंड चिमट्याने घट्ट बंद करावे, ती तशीच झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि वर उघडल्याची तारीख लिहावी. दाणे दुसऱ्या डब्यात ओतून पिशवी फेकून देण्याची सवय मात्र वाईट, कारण खाद्याचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख पिशवीवरच असतात आणि पुढे ज्याला ते द्यायचे त्याला याच गोष्टी लागतात.

३. प्राणी कशाने गेला

वार्धक्य, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग किंवा अपघात यांनी प्राणी गेला असेल, तर त्याच्या खाद्यातून दुसऱ्या प्राण्याला काही लागण्याचा संभव नाही. पार्व्होने पिल्लू गेले असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. हा विषाणू विष्ठेतून पसरतो, साबणाला आणि पुष्कळशा फिनाइलांना दाद देत नाही आणि जमिनीवर, भांड्यांवर, कापडावर महिनोन्‌महिने टिकतो. मांजरांमधला त्याचा भाऊबंद, पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू, तसाच चिवट आहे. अशा घरातली उघडी पिशवी, वाट्या आणि अंथरूण कोणालाही देऊ नये. न उघडलेले पाकीट द्यायचेच असेल, तर ते बाहेरून पाण्यात मिसळलेल्या ब्लीचने पुसून द्यावे आणि तेही लसीकरण पूर्ण झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठीच द्यावे.

४. अन्न की उपचार

म्हाताऱ्या किंवा आजारी प्राण्याच्या घरात शेवटी उरते ती पिशवी बहुधा नेहमीच्या खाद्याची नसते. ती पशुवैद्याने सुचवलेल्या, विशिष्ट रोगासाठी बनवलेल्या खाद्याची असते, आणि तिची किंमत पाहता ती वाया जाऊ नये असे वाटणेही साहजिक असते.

या खाद्यांचा उगम एका मार्गदर्शक श्वानापाशी आहे. मॉरिस फ्रँक हे अमेरिकेतले अंध गृहस्थ ‘बडी’ या आपल्या श्वानाच्या आधाराने देशभर फिरत असत. १९३९ च्या सुमारास बडीची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तेव्हा डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी वेगळा आहार तयार केला, आणि १९४८ मध्ये हिल पॅकिंग या कंपनीने तोच विचार डबाबंद खाद्याच्या रूपाने बाजारात आणला. विचार साधा होता. मूत्रपिंड ही रक्ताची गाळणी आहे, आणि गाळणीची अर्धीअधिक छिद्रे बुजलेली असतील तर ती बदलता येत नसली तरी तिच्यात ओतला जाणारा गाळ कमी करता येतो. प्रथिने पचताना निर्माण होणारी टाकाऊ द्रव्ये आणि स्फुरद हा तो गाळ. म्हणून या आहारात स्फुरद कमी आणि प्रथिने मोजकी, पण उत्तम प्रतीची असतात.

आता हेच खाद्य सोसायटीच्या फाटकापाशी व्यालेल्या कुत्रीला आणि तिच्या पिल्लांना घातले तर काय होईल? वाढत्या हाडाला स्फुरद आणि वाढत्या स्नायूला प्रथिन हवे असते, नेमके तेच त्यात कमी केलेले असते. आजारी कुत्र्याचे आयुष्य ज्याने वाढवले, ते खाद्य पिल्लांची वाढ खुंटवू शकते. धडधाकट मोठ्या कुत्र्याने ते दोन दिवस खाल्ले तर बिघडत काही नाही, पण साधतही काही नाही.

इतर रोगखाद्यांचा विचारही याच रीतीने करता येतो. मूतखड्यासाठीच्या खाद्याने लघवीची आम्लता बदलते. काहींत पाणी अधिक प्यायले जावे म्हणून मीठ वाढवलेले असते, तेव्हा ते गाभण मादीला, पिल्लांना किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला देऊ नये. वजन घटवण्याच्या खाद्यात चोथा अधिक आणि ऊर्जा कमी असते, आणि बरगड्या मोजता येणाऱ्या कुत्र्याला ते घालणे म्हणजे उपाशी माणसाला काकडीची कोशिंबीर वाढण्यासारखे आहे. वावड्यासाठीचे खाद्य, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना ते ओळखू येत नाहीत, निरोगी मोठ्या कुत्र्याला सहसा चालते, पण ते महाग असल्याने ज्याला त्याची खरी गरज आहे त्याच्याकडेच गेले तर अधिक चांगले. उलट पिल्लांसाठीचे खाद्य उरले असेल, तर ते गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीला उत्तम, कारण त्यात ऊर्जा आणि प्रथिने दोन्ही भरपूर असतात.

म्हणून रोगखाद्यासाठी भुकेलेले तोंड शोधण्यापेक्षा त्याच रोगाचा रोगी शोधावा, आणि तो शोधण्याची जागा म्हणजे ज्या दवाखान्याने ते खाद्य लिहून दिले तोच दवाखाना. त्या डॉक्टरांकडे मूत्रपिंडाचा दुसरा एखादा तरी रोगी असतो, आणि काही हजारांची पिशवी दर महिन्याला घेणे ज्यांना जड जाते अशी घरेही त्यांना ठाऊक असतात. देताना उघडल्याची तारीख आणि ठेवण्याची जागा खरी सांगावी. उरलेली औषधे, विशेषतः इन्सुलिन, फिटच्या गोळ्या आणि स्टेरॉइड, त्याच वेळी त्यांच्यासमोर ठेवून विल्हेवाट विचारावी. ती परस्पर शेजारच्या कुत्र्याला देऊ नयेत आणि संडासातही ओतू नयेत.

५. मांजराचे कुत्र्याला, कुत्र्याचे मांजराला

मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, म्हणजे काही द्रव्ये त्याला मांसातूनच मिळावी लागतात. टॉरिन हे त्यांतले प्रमुख. कुत्र्याचे शरीर ते सहसा स्वतः तयार करते, मांजराचे शरीर पुरेसे करू शकत नाही. टॉरिन कमी पडले तर मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये दिसून आले, आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात, हे १९८७ मध्ये. त्यामुळे कुत्र्याचे दाणे मांजराने एखाद्या दिवशी खाल्ले तर चिंता नाही, पण उरलेली मोठी पिशवी इमारतीतल्या मांजरांना महिनाभर घालणे चुकीचे. उलट दिशेने दोष कमी आहे. मांजराचे खाद्य कुत्र्याला चालते आणि आवडतेही, मात्र त्यात प्रथिने आणि चरबी अधिक असल्याने थोडे थोडे, दुसऱ्या अन्नात मिसळून द्यावे, नाहीतर पोट बिघडते आणि काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते.

६. तीन किलोंचे गणित

समजा, साध्या खाद्याची तीन किलोंची पिशवी उरली आहे आणि सर्व परीक्षांत ती उतरली आहे. ती किती पोटांना पुरेल? कुत्र्याला नुसते पडून राहायला किती ऊर्जा लागते याचा सोपा अंदाज असा: वजनाच्या किलोंना ३० ने गुणावे आणि ७० मिळवावेत. पंधरा किलोंच्या कुत्र्याचे ४५० अधिक ७० म्हणजे ५२० किलोकॅलरी झाले. हिंडण्याफिरण्यासाठी त्याला १.६ ने गुणले की सुमारे ८३० होतात. एका ग्रॅम दाण्यात साडेतीन किलोकॅलरी धरल्या, तर त्याला दिवसाला सुमारे २४० ग्रॅम दाणे लागतील, म्हणजे तीन किलो एका कुत्र्याला बारा-तेरा दिवस पुरतील.

हीच पिशवी एका संध्याकाळी वीस कुत्र्यांपुढे रिकामी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे ग्रॅम येतात. दिवसाची गरज भागत नाही आणि वीस आतडी मात्र अनोळखी अन्नाने ढवळून निघतात. कुत्र्याच्या आतड्यातले जीवाणू नेहमीच्या अन्नाला सरावलेले असतात. ते अन्न एकदम बदलले की त्यांची घडी विस्कटते आणि जुलाब होतात. म्हणून बदल आठवडाभरात करायचा असतो: पहिले दोन दिवस नेहमीच्या अन्नात साठ ग्रॅम, पुढचे दोन दिवस एकशेवीस, मग एकशेऐंशी आणि सातव्या दिवसापासून पूर्ण दोनशेचाळीस. या चढणीमुळे तीन किलो पंधरा-सोळा दिवस जातात. विसांना एक दिवस घालण्यापेक्षा एका खंगलेल्या कुत्र्याला पंधरा दिवस घालणे हे या गणिताप्रमाणे सरळ फायद्याचे आहे, देणाऱ्याला ते कमी दिलदारपणाचे वाटले तरी. दाण्यांबरोबर पाण्याचे भांडे ठेवलेच पाहिजे, कारण पोळी-भाताच्या मानाने दाणा अगदीच कोरडा असतो.

७. कुठे आणि कोणामार्फत

मेलेल्या माणसाच्या नावाने कुत्र्याला घास देण्याची चाल या भूमीला जुनीच आहे. पितृपक्षातल्या पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर श्वानाचाही वाटा काढतात, आणि पारशी घरांत ‘कुत्रानो बूक’ म्हणजे कुत्र्याचा घास वेगळा ठेवण्याची रीत होती. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मुंबईतली बेवारस कुत्री मारायला काढली तेव्हा पारशांनी दंगा केला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी मुंबईचा पांजरपोळ उभारला. इथे मात्र गेलेला आहे तो कुत्रा आणि घास उरला आहे तो त्याचा.

आजची व्यवस्था नियमांनी बांधलेली आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायची असते. ती जागा मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या वाटेपासून दूर असावी लागते आणि घालणाऱ्याने घाण मागे ठेवायची नसते. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांना प्रत्येक वॉर्डात अशा जागा नेमायला सांगितले आणि रस्त्यावर वाटेल तिथे खाऊ घालण्यास मनाई केली. तेव्हा ज्याने आयुष्यात कधी रस्त्यावरच्या कुत्र्याला घातलेले नाही, त्याने पिशवी घेऊन खाली उतरण्यापेक्षा ती रोज घालणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. कोणती कुत्री व्याली आहे, कोणाला खरूज आहे, कोण अजून नसबंदीच्या गाडीला सापडलेला नाही, हे त्या माणसाला ठाऊक असते. आणि न सापडणाऱ्या कुत्र्याला आठवडाभर एकाच जागी, एकाच वेळी दाणे घालून सवय लावली की लस टोचायला किंवा नसबंदीसाठी न्यायला तो हाती लागतो. उरलेल्या दाण्यांचा याहून चांगला उपयोग क्वचितच असेल. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा पुण्यातली रेस्क्यू संस्था अशा ठिकाणी द्यायचे असल्यास काय चालेल हे आधी फोनवर विचारावे, कारण शेकडो प्राण्यांच्या जागी एका नमुन्याची अर्धी पिशवी कधी सोय असते आणि कधी अडचण.

८. ज्यांना घालू नये, आणि मातीला

उरलेले अन्न गाईला घालण्याची सवय मराठी घरात मुरलेली आहे. या एका पदार्थाच्या बाबतीत ती मोडली पाहिजे. दाण्यांत मांसाची आणि हाडांची भुकटी असते. ब्रिटनमध्ये १९८६ मध्ये ओळखला गेलेला गाईंच्या मेंदूचा रोग अशीच भुकटी घातलेल्या खाद्यातून पसरला आणि १९८८ मध्ये तिथे रवंथ करणाऱ्या जनावरांना त्यांच्याच वर्गातल्या जनावरांची भुकटी घालण्यावर बंदी आली. शेळी आणि म्हैस यांनाही हेच लागू आहे.

खवट किंवा सादळलेल्या, पण बुरशी न धरलेल्या दाण्यांना जमीन उरते. प्रथिनाच्या वजनाला ६.२५ ने भागले की त्यातला नत्र मिळतो; पंचवीस टक्के प्रथिनांच्या दाण्यात चार टक्के, म्हणजे तीन किलोंत १२० ग्रॅम नत्र असतो, आणि शेणखताच्या मानाने हे कितीतरी दाट खत आहे. दाट असल्यामुळेच ते थेट कुंडीत घालता येत नाही: दुर्गंधी सुटते, उंदीर येतात आणि मुळे पोळतात. दाणे रात्रभर पाण्यात भिजवावेत. सकाळी ते फुगून घमेले भरते. मग एक किलो कोरड्या दाण्याला तीन ते साडेतीन किलो वाळका पालापाचोळा, या प्रमाणात दोन्हींचे थर खताच्या डब्यात लावावेत, प्रत्येक थरावर मूठभर जुने खत किंवा माती भुरभुरावी आणि सर्वांत वर पानांचा वीतभर थर ठेवावा. आठवड्याने हात घातला तर आतून ऊब लागते; त्या वेळी ढीग वरखाली करावा. वास आला तर पाने कमी पडली असे समजावे आणि आणखी घालावीत.